बंदूक इकडे, काडतुसं तिकडे

बर्फाच्या त्या टोकाला दोन देशांची दोन ठाणी होती, मध्ये फार तर पन्नास पावलांचं अंतर. जनरेटर यांच्याकडे, दवाखाना त्यांच्याकडे. वीज यांनी द्यायची, औषधपाणी त्यांच्या डॉक्टरबाईंनी करायचं, असा करार. राहता राहिली बंदूक. तिकडे पांढरी अस्वलं फिरतात, तेव्हा बंदूक हवीच. पण दोन देशांची माणसं, उद्या बिनसलं तर एकमेकांवरच झाडायची! म्हणून कुणा शहाण्यानं तोड काढली: बंदूक यांच्या ठाण्यात, काडतुसं त्यांच्या कोठीत.

अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. जनरेटर सांभाळणारा मिस्त्री बंदूक खांद्याला लावून पलीकडे जायचा, तिथला कोठीवाला खिडकीतून सहा काडतुसं मोजून द्यायचा. संध्याकाळी दोघं पत्ते कुटायचे. कोठीवाला राजरोस पानं लपवायचा आणि पकडला गेला की पोट धरून हसायचा. दोघांची भाषा वेगळी, पण अकरा वर्षांत त्यांनी आपली एक धेडगुजरी बोली तयार केली होती. तिच्यात शिव्या मिस्त्रीच्या भाषेतल्या होत्या.

मग काय झालं, तर हजारो मैल लांब, गरम खोल्यांमध्ये बसलेल्या लोकांचं कुठल्याशा समुद्री वाटेवरून फाटलं. दोन्ही ठाण्यांना हुकूम आला: सहकार्य तूर्त बंद. कोठीवाल्याच्या साहेबानं काडतुसांच्या कपाटावर कागदी सील चिकटवलं, सही ठोकली आणि तो मोकळा झाला. अस्वलांना मात्र हुकूम पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता मिस्त्रीचा मेहुणा. बायकोचा पाठचा भाऊ, सव्वीस वर्षांचा, तोंडाला कुलूप म्हणून नाही. बर्फाची जाडी मोजायच्या कामावर मिस्त्रीनंच त्याला शब्द टाकून लावलं होतं. निघताना बायको म्हणाली होती, "एकुलता एक भाऊ आहे माझा. जसा नेताय तसा परत आणा." मिस्त्री म्हणाला होता, "अगं, मी आहे ना!"

हुकुमाच्या चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मेहुणा एकटाच मोटारीची घसरगाडी घेऊन यंत्रं उचलून आणायला गेला. बर्फ फुटायला लागला होता, यंत्रं बुडाली असती. "दाजी, गेलो आणि आलो," म्हणाला. मिस्त्रीनं मान डोलावली. तो तेव्हा पंपाचा नट आवळत होता.

अर्ध्या तासानं वायरलेस खरखरला.

"दाजी, अस्वल आलंय. मी पत्र्याच्या खोपीत शिरलोय. ते दार ओढतंय हो. दाजी, लवकर या."

मिस्त्रीनं बंदूक ओढली आणि धावत सुटला. दुसऱ्या हातातला हातभर लांबीचा पाना खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं कोठीची खिडकी बडवली.

"काडतुसं दे! पोराला अस्वलानं घेरलंय!"

कोठीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सील आहे, मिस्त्री. साहेब वर विचारतायत. पाच मिनिटं..."

"वर कुणाला विचारतायत? देवाला?"

 कोठीवाल्यानं खिडकी खाली ओढली आणि तो आत गेला.

तोंडावर खिडकी बंद केली! अकरा वर्षं ज्याच्याबरोबर जेवलो, त्यानं! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन लाथांत दार मोडलं. आत कोठीवाला पाठमोरा, कपाटाशी वाकलेला. "थांब," एवढंच तो म्हणाला, वळलासुद्धा नाही. मिस्त्रीनं पाना त्याच्या डोक्यात घातला. कोठीवाला गुडघ्यांवर आला, एक हात कपाटाला धरून. मिस्त्रीनं दात ओठ खाऊन दुसरा फटका मारला. कवटीचा आवाज झाला आणि तो माणूस पोत्यासारखा कोसळला.

तेव्हा मिस्त्रीला कपाट दिसलं. दार उघडं होतं. सीलाचा कागद फाटून लोंबत होता. कोठीवाल्याच्या मुठीतून काडतुसं घरंगळत फरशीवर येत होती.

अरे देवा! तो काडतुसंच काढत होता.

 कमरेच्या वायरलेसमधून मेहुण्याची किंकाळी आली, तेव्हा मिस्त्रीनं रक्तातली काडतुसं वेचली, दारातून "डॉक्टरबाई!" अशी बोंब ठोकली आणि पळाला.

खोपीचं दार उखडून बाहेर पडलं होतं. अस्वल अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि आतून मेहुण्याचा आवाज, ओरडण्याच्या पलीकडे गेलेला. मिस्त्रीनं चार पावलांवरून बरगडीत गोळी घातली. ते वळलं. थोबाड लालभडक, दातांत निळ्या जॅकेटची चिंधी. दुसरी गोळी खांद्यात बसली, तरी ते चालून आलं. तिसरी त्यानं उघड्या जबड्यात मारली आणि ते पडल्यावर चौथी, पाचवी, सहावी मारत राहिला. बंदूक नुसती खटखट वाजायला लागली तेव्हा थांबला.

मेहुण्याची जांघ फाटली होती, आणि इतकी वर की पट्टा आवळायला जागाच नव्हती. मिस्त्रीनं जखमेत जॅकेट कोंबलं, त्याला घसरगाडीवर घातलं आणि गाडी दवाखान्याच्या दारापर्यंत पिटाळली.

दवाखान्यात टेबल एकच. त्यावर कोठीवाला होता. डॉक्टरबाईंचे दोन्ही हात त्याच्या उघड्या डोक्यात.

"खाली झोपव," त्या म्हणाल्या. "जखमेत मूठ घाल आणि दाबून धर. सोडलंस तर गेला."

"बाई, आधी याला घ्या! पाया पडतो तुमच्या!"

"आत्ता हात काढला तर हा मरतो." त्यांनी मान वर केली नाही. "एक फटका मारून थांबला असतास, तर टाके घालून मी कधीच मोकळी झाले असते. दुसऱ्यानं हाड आत घुसलंय. मला चार हात नाहीत."

मिस्त्री फरशीवर बसला. मूठ मनगटापर्यंत जखमेत. रक्त तरीही येतच होतं, कोमट, बोटांच्या फटींतून. दोन्ही ठाण्यांची माणसं दारात गोळा झाली. कुणी आत येईना, कुणी जाईना.

मेहुण्यानं डोळे उघडले. "दाजी, बाई कधी येतील?"

"येतील रे. आत्ता येतील."

"टेबलावर कोण आहे?"

"कोठीवाला."

"त्यालाही अस्वलानं गाठलं?"

मिस्त्रीला खोटं बोलता आलं असतं. पण आपल्या मुठीखाली पोराचा जीव धडधडताना त्याला जाणवत होता.

"नाही रे. मी मारलं त्याला. मला वाटलं, तो काडतुसं देत नाहीये."

मेहुण्यानं टेबलाकडे नजर वळवली.  मग त्याचे ओठ हलले. "ताईला अस्वलाचंच सांगा, दाजी."

"गप. तूच सांग तिला काय सांगायचं ते."

त्यानं हसल्यासारखं केलं.

पाऊण तासानं डॉक्टरबाई नवे हातमोजे चढवून खाली बसल्या. मेहुण्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली, पापणी उचलून पाहिली आणि हातमोजे काढून टाकले. "कोठीवाला जगेल," त्या म्हणाल्या. "तू आता हात काढ." मिस्त्रीनं काढला नाही. शेवटी दारातल्या दोघांनी धरून त्याला बाजूला ओढलं.

दुपारी यांच्या साहेबानं घरचा फोन लावून दिला. पलीकडे बायको आधी ओरडली, मग रडली, आणि मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "अस्वलानंच ना हो?"

मेहुण्यानं सांगून ठेवलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. एका शब्दाचं काम होतं.

"अस्वलानं नुसता जखमी केला होता," मिस्त्री म्हणाला. "तो वाचला असता."

पलीकडे रडणं थांबलं. ती पुढचं ऐकायला थांबली होती.