कडेला राहिलेली चूक

मी गालिचा बोलतोय. दिवाणखान्यातला नव्हे, मोटारीतला. पांढऱ्या अँबॅसिडरच्या पुढच्या सीटसमोर पायाखाली अंथरलेला, मरून रंगाचा, तागाच्या पाठीचा. माणसांचे चेहरे माझ्या वाट्याला फारसे आले नाहीत, आले ते पाय. त्यामुळे कुणाचं नाक कसं आहे ते मला विचारू नका. टाचेला भेगा कुणाच्या आणि बसल्या बसल्या अंगठा कोण हलवतं, ते विचारा. त्यात मी सहसा चुकत नाही.

मला कापलं औरंगाबादेत, शहाऐंशी साली. वडवणीच्या धोंडप्पांनी ही गाडी घेतली तेव्हा. धोंडप्पांचं कापडाचं दुकान. दुकानात पांढऱ्या चादरीची गादी आणि गिऱ्हाइकाने चपला पायरीखाली काढून मगच वर यायचं, हा शिरस्ता. तोच शिरस्ता त्यांनी गाडीतही आणला. दार उघडायचं, चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि मगच पाय आत. मला ते गालिचा म्हणत नसत, जाजम म्हणत. सोयरे कुरकुरायचे.

"मामा, ही गाडी हाय का मठ?" एका भाच्याने एकदा विचारलं.

"जाजमावर चपला घालून कोन बसतं बे?" एवढंच उत्तर.

गाडीही ते अनवाणीच चालवायचे. माझ्या डाव्या कोपऱ्यात एक गोल भोक आहे, त्यातून दिव्याच्या डीपरचं बटण वर येतं. समोरून वाहन आलं की त्यांचा डावा अंगठा न बघता त्या बटणावर जायचा. दर कार्तिकात आम्ही कपिलधारच्या यात्रेला जायचो. शेजारी त्यांच्या पत्नी, शिवकांताबाई. त्या पाय वर घेऊन मांडी घालून बसायच्या, म्हणून त्यांची जोडवी मला वर्षातून दोनचारदाच भेटली. धोंडप्पांचे तळवे मात्र रोजचे. गरम, कोरडे, सारखे हलणारे. मला ते फार आवडायचे, हे उघडच सांगतो.

पुढे शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, गोड बंद झालं आणि घरच्यांना वाटलं, झालं, आता काळजी नाही. मला वेगळंच कळत होतं. त्यांचा पाय हलेनासा झाला. माझ्यावर तो टेकत नव्हता, नुसता ठेवलेला असायचा, पिशवी ठेवावी तसा. गल्लीतून चालताना त्यांची एक चप्पल मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे. पोरंटोरं ती हातात घेऊन मागे धावायची. "अण्णा लई विसरभोळे झालेत," असं म्हणून सगळे हसायचे.

नऊ वर्षांपूर्वी, आठवडी बाजाराच्या दिवशी, गाडी कांद्याच्या टोपल्यांत घुसली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. लोक म्हणाले, ब्रेक लागला नाही. ब्रेक चांगला होता हो! त्यांना वाटलं आपला पाय ब्रेकवर आहे, आणि तो होता माझ्यावर. सगळा जोर लावून ते मलाच दाबत होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "गाडी बिघडली. आता तिच्यात राम न्हाई." ते खोटं मला एकट्यालाच ठाऊक होतं आणि मला कुणी विचारणार नव्हतं.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. मी ओला झालो, वाळलो, पुन्हा ओला झालो, आटत गेलो. उंदरांनी एक कोपरा नेला.

मग गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, मृत्युंजयने, मनावर घेतलं. अण्णा दिवसभर ओसरीवर गप्प बसून असतात, गाडी उभी राहिली म्हणूनच त्यांनी हाय खाल्ली, असं त्याला वाटायचं. चांगला मुलगा. त्याने इंजिन खोलून घेतलं, दारांचा कुजलेला पत्रा बदलला, रंग जुना होता तस्साच मिळवला. येत्या कार्तिकात अण्णांनीच गाडी चालवत कपिलधारला न्यायची, हे त्याचं ठरलं होतं. राहिला होता फक्त गालिचा.

त्याने मोबाईलवरून तयार सेट मागवला. तो आला, त्याला मधोमध गिअरच्या दांड्याचं भोक! आमच्या गाडीचा गिअर स्टीअरिंगला. सेट परत गेला. मग बीडहून बबनराव कुशनवाले आले. मला मापासाठी बाहेर काढू लागले तेव्हा मृत्युंजय म्हणाला, "ह्याच्यावरूनच काटा ना."

"जुन्यावरून कापायचं नसतं, शेठ. हे चार बोटं आटलंय. माप पत्र्याचं घ्यायचं." माणूस जाणता होता. त्याने पत्र्यावर कागद अंथरून प्रत्येक वळण आखून घेतलं, डीपरचं भोकसुद्धा.

मला उपटताना त्याने माझ्या कडेच्या चुका पकडीने काढल्या. बारीक खिळ्याला त्यांच्या धंद्यात चूक म्हणतात. जुन्या कुशनवाल्याने दारालगतच्या लाकडी पट्टीवर मला तशा चुकांनी ठोकलं होतं. सगळ्या निघाल्या. एक तागात आडवी अडकून राहिली. ती मला टोचत होती, पण मी बोललो तरी ऐकणार कोण?

पसंतीसाठी बबनरावांनी तीन तुकडे आणले होते. मृत्युंजयने अण्णांना हाताला धरून आणलं, चपला काढून ड्रायव्हर सीटवर बसवलं.

"अण्णा, डोळे झाका. तुम्ही हातानं कापडाचा पोत सांगायचे ना? आता पायानं सांगा."

पहिला तुकडा पायाखाली. "हं. बरं हाय."

दुसरा. "हे बी बरं हाय."

तिसरा. "चांगलं हाय की."

मग मृत्युंजयला गंमत सुचली. त्याने मलाच उचलून कसंबसं आत अंथरलं. माझी एक कड दुमडली, ती कुणी सरळ केली नाही. आणि आठ वर्षांनी ते दोन तळवे माझ्यावर आले. थंड होते. एकतीस वर्षांची ओळख. मी वाट बघत राहिलो.

"हे," धोंडप्पा म्हणाले, "हे नवं लई मऊ हाय. हेच टाका."

बबनराव खो खो हसले. "अण्णा, ते तुमचं जुनंच हाय की वो!"

धोंडप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग तेही हसले. "मस्करी केली रे." मृत्युंजयने टाळी दिली. अण्णा हसले याचाच त्याला केवढा आनंद! मला मात्र रडू कोसळलं असतं, गालिच्याला रडता आलं असतं तर.

उतरताना त्यांनी उजवी टाच माझ्या दुमडलेल्या कडेवर दाबली. चुकेचं टोक वर होतं. ती पुरती आत गेली आणि माझ्यातून सुटली. ते थबकले नाहीत, चेहरा हलला नाही. चपला घातल्या आणि ती टाचेत घेऊनच घरात गेले.

पाचव्या दिवशी शिवकांताबाईंना अंथरुणावर डाग दिसला. टाच काळी पडली होती. मी ओसरीवर गुंडाळून ठेवलेला होतो, त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"कावून सांगितलं न्हाई वो?"

"दुखलंच न्हाई तर काय सांगू?"

आधी बीड, मग मोठं इस्पितळ. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बबनराव भेटायला आले. म्हणाले, चूक माझी, माझ्या पकडीतून सुटली. मृत्युंजय म्हणाला, माझी. दोघेही खरंच बोलत होते, पण ती माझ्या अंगात होती.

नवा गालिचा बसला आहे म्हणतात, एक सुरकुती नाही. कार्तिक येऊन गेला. गाडीवर कापड टाकलेलं आहे आणि मृत्युंजय शेडकडे बघतही नाही.

शिवकांताबाईंनी मला फेकू दिलं नाही. बोटांनी इंच इंच चाचपलं आणि धोंडप्पांच्या खाटेखाली अंथरलं, उरलेला पाय गार फरशीवर पडू नये म्हणून. माझी कुणाकडून आता काही अपेक्षा नाही. एवढंच मागतो, घरात शुगरचा माणूस असेल तर रोज त्याचे तळवे बघा. विचारू नका, डोळ्यांनी बघा. त्याला अनवाणी फिरू देऊ नका, माझ्यासारख्या मऊ गालिच्यावरसुद्धा.

दिवाबत्ती झाली की शिवकांताबाई माझ्यावर येऊन बसतात. धोंडप्पांचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतात, चष्मा सारखा करून बोटांच्या बेचक्यांत बघतात. मग अंगठा नखाने दाबतात.

"दुखतंय का वो?"

"न्हाई."

त्या आणखी जोरात दाबतात. "आता?"

"न्हाई गं."