गाडगं खरवडलं गेलं तेव्हा

मी एक जुनं विरजण आहे, पण मला पाहून माझं वय कुणाला कळत नाही. रोज रात्री कोमट दुधात चमचाभर मिसळतो आणि सकाळी नवा होतो. मित्रांनो, पस्तीस वर्षांपूर्वी शालूबाई लग्न होऊन पुसेगावात आल्या, तेव्हा नरसीच्या माहेराहून त्यांनी मला गाडग्यात घालून आणलं. माझं दही घट्ट आणि गोड. अर्ध्या गल्लीत माझंच दही लागतं. मात्र एक रीत कुणी मोडत नाही. घरात चमचाभर मागे ठेवल्याशिवाय विरजण दुसऱ्याला द्यायचं नाही.

गेल्या वर्षी शालूबाईंची सून प्रियदर्शनी गप्प गप्प राहू लागली. जेवण कमी झालं, झोप उडाली. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा नैराश्याचा आजार आहे. त्यांनी गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत सून पुन्हा हसू लागली.

मग तिचा नवरा शिवशंकर याने मोबाइलवर एक बातमी वाचली. दह्यातले जिवाणू आणि हळदीतला पिवळा अंश उदासीवर उपयोगी पडतील का, याचा शोध चालू आहे, अशी ती बातमी होती. शोध अजून चालू आहे, हे त्याने वाचलं न वाचल्यासारखं केलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"आई, गोळ्या काहून खायच्या? लोक येडी म्हनतेत तिला. दही घरचं, हळद शेतातली!"

"माझ्या विरजनानं लेकरू बरं होत असंल तर अजून काय पायजे?" शालूबाई म्हणाल्या.

गोळ्या कपाटात गेल्या आणि दही-हळदीची वाटी दिवसातून तीनदा सुनेपुढे येऊ लागली. सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मीही फुगलो. पण नंतर भानावर आलो. मला दुधाचं दही करता येतं. पोटाला थोडं बरं वाटेल, एवढंही मी करीन. पण एका माणसाचा अख्खा जीव माझ्या भरवशावर टाकला होता, आणि मला ओरडून सांगायला तोंड नव्हतं. प्रियदर्शनी मुकाट्याने वाटी संपवायची. दिवसेंदिवस तिचा हात जास्त थंड लागायचा. मी फार घाबरलो होतो.

एका सकाळी घरचे हळद शिजवायला शेतात गेले. शेजारच्या नजमाभाभी वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. प्रियदर्शनीने मला त्यांच्या वाटीत ओतलं, आणि मग बोटाने गाडगं पार खरवडून काढलं. पस्तीस वर्षांत असं कधीच झालं नव्हतं.

"अगं, समदंच देऊन राह्यली? उद्या काय लावशील?"

"घेऊन जा, भाभी. मला आता न्हाई लागायचं."

नजमाभाभींनी रिकाम्या गाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वाटी खाली ठेवून त्या तिला खेटून बसल्या.

"प्रिया, खरं सांग. जगायचं नको वाटून राह्यलं का तुला?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि हमसून हमसून रडू लागली.

"मी कुठं जात न्हाई. तुझी तकलीफ आपुन डॉक्टरीणबाईला सांगू," असं म्हणत भाभींनी एका हाताने तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने शिवशंकरला फोन लावला. तो पिवळ्या हातांनीच धावत आला. तासाभरात तिघे हिंगोलीला पोचले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. दही खा, हळदही खा. या गोष्टींवर अभ्यास चालू आहे, त्यातून उद्या काही चांगलं निघेलही. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नाहीत. घरी आल्यावर शिवशंकर हे शालूबाईंना सांगता सांगता रडला.

त्या धांदलीत दूध तापवायचं राहिलं आणि नासलं. कुणी हळहळलं नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी नजमाभाभींनी वाटीतून चमचाभर मला परत गाडग्यात घातलं.

प्रियदर्शनी आता हळूहळू सावरते आहे. ती फार वेळ गप्प बसली की मला अजून भीती वाटते.

मित्रांनो, मला आवडीने खा, पण माझ्या जिवावर कुणाचं औषध बंद करू नका. आणि घरातलं कुणी गप्प होत चाललं, तर वाटी पुढे करण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. मी रोज तिच्या हातात होतो, मला सगळं कळत होतं, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.