वहिनींचं पान आणि निळा पडदा

शनिवारी डोट्सेला, माझ्या थोरल्या भावाला, माती द्यायची होती आणि आज संध्याकाळपर्यंत अकोफावहिनींचं पान छापखान्यात जायला हवं होतं. आमच्याकडे अंत्यविधीची पुस्तिका निघते. त्यातलं पहिलं पान बायकोचं. गेलेल्या माणसाशी बोलल्यासारखं लिहायचं आणि शेवटच्या ओळीत त्याला निरोप द्यायचा. पान वेळेवर आलं नाही, तर छापखानेवाला आपल्याकडचं तयार पान घालून मोकळा होतो: प्रेमळ पती, देवभीरू पिता, वगैरे. त्या पानापायी आमच्या या समुद्रकाठच्या केटा गावातल्या निम्म्या विधवांचे नवरे एकसारखे झालेत. डोट्से तसा नव्हता, आणि त्याच्या वाट्याला ते पान येऊ नये यासाठी वहिनी हट्टाला पेटल्या होत्या.

पण घरातला कॉम्प्युटर घात करत होता. पान शेवटाकडे आलं की पडदा एकदम निळा व्हायचा, वर एक रडका चेहरा. पुन्हा सुरू केला की लिहिलेलं सगळं गायब. मग वहिनी पहिल्यापासून लिहायला बसायच्या.

"डोट्सेलाच पटत नसणार," परपेटुआ आत्या दारातून म्हणाली. ती आमच्या वडिलांची बहीण. अंत्यविधीचा सगळा कारभार तिच्या हातात. "काहीतरी खोटं लिहितेस तू, अकोफा."

"खोटं कशाला लिहू? बदकांचं लिहितेय."

"किती बदकं?"

"तीन."

"एक होतं. मी होते ना कोर्टात."

वहिनी कोर्टात टायपिस्ट होत्या. बदक चोरीला गेल्याची साक्ष द्यायला डोट्से उभा राहिला आणि इतका भरभर बोलला, की वहिनींनी भर कोर्टात त्याला "जरा दमानं घ्या" म्हणून सुनावलं. तिथेच दोघांचं जमलं. पान दर खेपेला नव्याने लिहिताना बदकं वाढत गेली होती, एवढं मात्र खरं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घरात काहीही बिघडलं की ते माझ्या गळ्यात. व्हायरस शोधून झाला. प्रिंटर काढून बघितला. वीज वरखाली होते म्हणून शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर आणून लावला. मी लिहून बघायला बसलो की कॉम्प्युटर सुतासारखा सरळ चालायचा. वहिनी बसल्या की निळा. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"वहिनी, निदान मधूनमधून जतन तरी करत जा. एक बटण दाबायचं असतं नुसतं."

"टाइपरायटरला कुठे होतं तसलं बटण?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसलो. "तुम्ही लिहा. मी नुसता बघतो."

त्यांनी लिहायला घेतलं आणि टेबल हलायला लागलं. कॉम्प्युटरचा डबा त्याच टेबलावर होता, तोही हलत होता. शेवट जवळ आला तसे घाव वाढत गेले, माझ्या कपातला चहा बशीत सांडला, आणि पडदा निळा.

"हे टायपिंग आहे की फुफूसाठी उखळात कंद कुटणं?"

"तुझ्या भावाला आवडायचा हा आवाज," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचा, घरात कुणीतरी कामाचं आहे असं वाटतं."

मी डबा उघडला. केटाचा खारा वारा दाराच्या बिजागऱ्या सोडत नाही, तो मेमरीची पट्टी कशाला सोडेल? तिच्या सोनेरी दातांवर हिरवट थर चढला होता आणि पट्टी खाचेत सैल बसली होती. टेबलाला हादरा बसला की ती निसटणारच. मी खोडरबराने दात लख्ख घासले, पट्टी कट्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवली आणि डबा खाली जमिनीवर ठेवला.

वहिनींनी पुन्हा बदकांपासून सुरुवात केली. टेबल नाचलं, पण पडदा पांढराच राहिला. लग्न झालं, मुलं झाली, डोट्सेचं आजारपण झालं. फक्त निरोपाची ओळ उरली आणि वहिनींचे हात थांबले.

"लिहा ना. आता नाही व्हायचं काही. पक्कं झालंय."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "जतन कसं करतात ते मला माहीत आहे, एडेम. कोर्टातली शेवटची वर्षं मी कॉम्प्युटरवरच काढली."

मी हातातलं खोडरबर टेबलावर ठेवलं.

"पडदा निळा झाला की बरं वाटायचं. परत पहिल्यापासून सुरू करता यायचं. तो परत साक्षीला उभा राहायचा. त्याला जा म्हणायची वेळच यायची नाही."

इतकी खटपट करून शेवटी हे ऐकायला मिळालं. खरं तर मी चिडायला हवं होतं. पण वहिनींची मला इतकी माया आली, आणि डोट्सेची इतकी आठवण, की डोळे भरून आले.

तेवढ्यात आत्या मक्याच्या पिठाचा वाफवलेला अबोलो आणि तळलेल्या बारीक मासळीचं ताट घेऊन आत आली. "छापखान्याचा माणूस आलाय बाहेर. झालं का पान? निरोप लिहिला?"

"पुन्हा निळं झालं, आत्या," मी म्हणालो. "एवढंच हाती लागलं."

आत्याने ताट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि पडद्यासमोर वाकली. पांढऱ्या पडद्यावर अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. तिने सगळं सावकाश वाचलं. मग वहिनींकडे बघितलं.

"हो, निळंच दिसतंय," ती म्हणाली. "आहे तेवढं पाठव."