दहा हजार एकाचा बांध

टण्ण! निजलेल्या ठकीच्या मुठीतला चिंचोका निसटून तांब्यावर आपटला आणि दुपारची शांतता मोडली. लेक उठते की काय म्हणून मी पाटीवर पदर ओढला. उठली नाही. झोपेतसुद्धा मूठ आवळून असते माझी बाय. पण त्या मुठीतले चिंचोके तिच्या आत्यानं दिलेले.

वन्सं, म्हणजे सगुणाबाई, नवरा गेल्यावर वेल्ह्याहून आमच्याकडे परत आल्या. मूलबाळ नाही. आल्या दिवसापासून माझी पोर त्यांच्याच मागंमागं. चिंचोक्यांच्या सारख्या ओळी लागल्या तर ते भाताचं खाचर, असा दोघींचा खेळ. बाराचं खाचर होतं, चाराच्या तीन ओळी. सात घ्या, तेरा घ्या, लांबच लांब एकच ओळ, तो बांध. मोठ्या आकड्याला चिंचोके कुठून पुरणार? मग वन्सं डोळे मिटून पाढे लावून बघतात, थेट तिसापर्यंत. एकही लागला नाही की बांध.

परवा ठकीनं विचारलं, "आत्या, धा हजारात अजून एक घातला तर गं?"

वन्सं बराच वेळ पुटपुटत बसल्या. मग म्हणाल्या, "बांध! माझ्यावानी. कुणाच्याच खाचरात न बसणारा."

ठकी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. "मग मी बी बांधच!"

माझा हात तव्यापाशीच थांबला.

"वैनी, भाकरी करपली," वन्सं हसल्या. "भाकरीला पाढे लागत न्हाईत, पर ध्यान लागतं."

मी भोरच्या शाळेत चौथी झालेली. पाढे माझेही तिसापर्यंतच, पण भागाकार येतो. पाढे तिसाला संपले म्हणून आकडे थोडेच संपतात? तेव्हापासून पोर झोपली की पाटी घेते. एकतीसनं भागलं, बाकी उरली. तेहतीसला तिनाचा पाढा लागतोच, तो सोडला. सदतीस, एक्केचाळीस... वर चढत गेले.

आज त्र्याहत्तरनं भागलं. एकशे सदतीस आले, बाकी शून्य. पुसून पुन्हा भागलं. शून्यच.

काय सांगू, आतून उकळी फुटली हसण्याची. निजलेली पोर हलवून उठवली.

"बघ बाय, आत्या चुकली! त्र्याहत्तर ओळी, एकेकीत एकशे सदतीस चिंचोके. झालं का न्हाई दहा हजार एकाचं खाचर?"

ती डोळे चोळत पाटीकडे बघत राहिली. मी हात पसरले. ती आली नाही. ओसरीवर वन्सं तांदूळ निवडत बसल्या होत्या, तिकडे तिची नजर गेली.

"म्हंजी त्यो बांध न्हाईच?"

"न्हाई."

मग माझ्या कानाशी येऊन, आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, "मग आत्या बी कुणाच्या तरी खाचरात बसत असंल न्हवं? कुणाच्या गं, आई?"