थांबलेले हात

टेलरबाई पडद्यावरून पुन्हा पुन्हा खूण करत होती, तुमचे हात थांबलेत.

इकडे दुभाषीचे हात थांबले नव्हते. गेली नऊ वर्षं ती हेच काम करत होती. घरातल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं, दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं आणि ऐकू न येणाऱ्या पेशंटला ते खुणांच्या भाषेत सांगायचं. पेशंटच्या खुणा पाहायच्या आणि डॉक्टरांना त्या बोलून दाखवायच्या. आज टेलरबाईच्या उजव्या मनगटाच्या ऑपरेशनचं बोलणं चाललं होतं. हिला तिकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांचं पेन, मनगटावरचा पट्टा, शेजारी बसलेला बाईचा भाऊ. तिकडे मात्र हिचं चित्र हात अर्धवट उचललेल्या अवस्थेत अडकलं होतं आणि आवाज तुटत होता.

बाईने एकच विचारलं होतं. ऑपरेशननंतर मला या हाताने बोलता येईल ना?

ते हिने डॉक्टरांना तीनदा मोठ्याने सांगितलं. त्यातली दोन-चार अक्षरं पोचली असतील. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी भाऊ म्हणाला, "राहू द्या डॉक्टर, मी घरी गेल्यावर समजावतो तिला." त्याने फॉर्म बहिणीपुढे सरकवला आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं. बाईने एकवार पडद्याकडे पाहिलं आणि सही केली.

आठवड्यातली ही तिसरी खेप होती. इंटरनेटवाल्यांना फोन केला की ते राउटरचा डबा बंद करून परत चालू करायला सांगत. तो तिने इतक्यांदा बंद-चालू केला होता की बटणाचा तिला वीट आला होता. डबा कपाटावरून टेबलावर आणून झाला, नवी वायर घालून झाली. त्या दुपारी एकदाचा त्यांचा मेकॅनिक उगवला. त्याने तपासून सांगितलं की लाइन ठणठणीत आहे, घरातूनच काहीतरी सारखं बाहेर जातंय. नेट अजून कोण वापरतं?

"कोणी नाही," ती म्हणाली. "वडील असतात फक्त."

वडिलांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. तो बंद केल्यावर दोन वर्षं खपून त्यांनी सगळ्या निगेटिव्ह स्कॅन केल्या होत्या. एकाच डिस्कवर भरवसा नको, म्हणून सोमवारपासून ते सगळं क्लाउडवर चढवायला लावलं होतं. पडदा बंद, म्हणजे कॉम्प्युटर झोपलेला, असं तिला वाटत होतं. तो तर आतल्या खोलीत चोवीस तास राबत होता. मेकॅनिकने समजावलं की घरात येणारा रस्ता रुंद असतो, बाहेर जाणारा बोळासारखा. त्या बोळात ट्रकची रांग लावली, तर ताईंचे हात पलीकडे पोचणार कसे?

इतक्या दिवसांचा राग एका जागी आला.

"बाबा, आज एका बाईने काही न कळता सही केली. ह्याच्यामुळे."

"मला काय माहीत, फोटो पाठवले तर तुझं अडतं म्हणून," वडील म्हणाले. "आवाज नको म्हणून मी पंखासुद्धा लावत नाही तुझ्या कामाच्या वेळी."

"चाळीस वर्षांचे पासपोर्ट फोटो कुणाला हवेत पण?"

मेकॅनिक खाली वाकून वायर गुंडाळत बसला. वडिलांनी थांबवायचं बटण शोधलं. ते सापडायला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

मग तिने दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणत राहिली की फॉर्मवर सही आहे, प्रश्न मिटला. सही आहे, पण कशावर केलीय ते तिला माहीत नाही, हे हिने चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची दहा मिनिटं मिळाली.

सकाळी चित्र एकदाही अडकलं नाही. डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं. सहा आठवडे प्लॅस्टर, मग पकड येईल, पण शेवटची दोन बोटं कदाचित पूर्ण मिटणार नाहीत. हे खुणांनी सांगताना हिने आपली दोन बोटं तशीच अर्धवट ठेवून दाखवली. बाई बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने आपला फॉर्म परत मागितला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि खूण केली, मी विचार करून सांगेन. भाऊ शेजारून काहीतरी बोलत होता. बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ऐकायचं नसलं की ती पाहत नसे.

कॉल संपल्यावर ती उठून वडिलांच्या खोलीत गेली. कालचं बोलणं तिला डाचत होतं.

"लावा बाबा आता चालू. मी मोकळी आहे."

"झालं की," वडील म्हणाले. "तू बसायच्या आधीच संपलं सगळं."

हजारो फोटो इतक्यात जाणं शक्यच नव्हतं. तिने पडद्यावर पाहिलं. एकाखाली एक चाळीस सालं, प्रत्येकापुढे निवडीची खूण करायचा एक छोटा चौकोन. सगळे चौकोन रिकामे होते. तळाशी एक वेगळं फोल्डर होतं, तेवढं पूर्ण पोचलं होतं.

"एकशे बारा निवडले," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "बाकीचे खरंच कुणाला हवेत."

तिने स्टूल ओढलं आणि पहिल्या सालापुढे खूण केली. मग दुसऱ्या. एकेक करत चाळीसही चौकोन भरले. मग सेटिंगमध्ये जाऊन तिने पाठवण्याचा वेग पार खाली आणला.

"अगं, तुझं काम?"

"एवढ्या वेगाने अडणार नाही. महिनाभर लागेल फार तर."

तिने सुरू करायचं बटण दाबलं. आकडा शून्यावरून हलेना. वडील चष्मा पुसून पुढे सरकले. ती त्यांच्याशेजारी तशीच बसून राहिली.