निळ्या रंगाखालची भेग

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि मी फार थकले आहे. इतकी वर्षं माणसं माझ्या अंगावर पाय देऊन वर गेली, छत रंगवून खाली आली आणि कौतुक झालं ते छताचं. असो. कुरकुर करायचा माझा स्वभावच आहे, तेवढं समजून घ्या.

मला एका सुताराने घडवलं. नेणाऱ्या रंगाऱ्याला त्याने बजावून सांगितलं होतं, "हिला तेल पाजा, पण रंग लावू नका. रंगाखाली लाकडाची भेग दिसत नाही." त्या रंगाऱ्याला सगळे दाजी म्हणत, कारण त्यांचा मेहुणा त्यांच्याच हाताखाली कामाला होता आणि दिवसभर "दाजी, दाजी" करत असे. दाजी बुद्धांची शिकवण मानणारे. दाराची वरची कड, कपाटामागची भिंत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही ते रंगाचे दोन हात देत. मेहुणा वैतागून जाई.

"अहो दाजी, ती कड बघायला कोण येणार आहे? पाल?"

"येऊ दे की. तिलाही बरं वाटेल," दाजी म्हणत. मग ब्रश निथळत सांगत, "अरे, कर्म म्हणजे कपाळावर लिहिलेलं काही नसतं. मनात काय धरून हात उचलला, ते कर्म. बुद्धांच्या शिकवणीतलं मला एवढंच उमगलंय. कड सोडली तर गिऱ्हाइकाला कळणार नाही, पण चुकारपणाची सवय लागेल ती माझ्याच हाताला."

मला यातलं फारसं कळत नसे. मी आपली भिंतीला टेकून उभी.

एकदा एका मोठ्या कचेरीचं काम मिळालं. नेमके दाजी तापाने पडले, म्हणून मेहुणा एकटाच गेला. तिथल्या साहेबांनी मला पाहून नाक मुरडलं. "ही कळकट शिडी आत आणू नका," म्हणाले. मेहुण्याने काय करावं? उरलेला निळा रंग काढला आणि मला रंगवायला बसला. रंगवता रंगवता त्याचा हात थांबला. वरून तिसऱ्या पायरीला लांबच लांब भेग होती. मला वाटलं, आता हा पायरी बदलेल. पण दुसऱ्या दिवशी छताचं काम सुरू करायचं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, भेगेत लांबी, म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायचा लगदा, दाबून भरली आणि वरून रंग मारला. साहेब खूश! "वा, झकास शिडी!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं, तेही असं. जळो मेलं ते कौतुक.

दुसऱ्या दिवशी दाजी बरे होऊन आले ते मला बघून भडकलेच. "हिला रंग लावायला कुणी सांगितलं होतं? पायऱ्या तरी नीट बघितल्यास का?"

"बघितल्या ना," मेहुणा म्हणाला.

ते खोटं नव्हतंच, म्हणूनच मला जास्त लागलं. त्याच्या शब्दावर विसंबून दाजी रंगाचा डबा घेऊन चढले. मी जिवाच्या आकांताने करकरले, पण म्हाताऱ्या शिडीचं करकरणं कोण मनावर घेतो? पायरी तुटली आणि दाजी खाली आले. पायाचं हाड मोडलं.

मला त्यांच्या घराच्या बोळात, खिडकीशेजारी उभं केलं. आत दाजी खाटेवर पडून असत. भेटायला येणारे म्हणत, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. भोगून संपवायचं."

"मागच्या जन्माला कशाला हाक मारता?" दाजी थकल्या आवाजात म्हणत. "कारण इथेच कुठेतरी असेल. माझंच लक्ष नसेल."

मेहुणा कोपऱ्यात मान खाली घालून ऐके. त्याची बहीण, म्हणजे दाजींची बायको, येईल त्याला सांगे, "माझा भाऊ आहे म्हणून घर चाललंय." ते ऐकून तो ताट अर्धवट सारून उठे.

एका दुपारी तो मला दुरुस्त करायला बोळात आला. त्याने तुटकी पायरी काढली. तुटल्या जागी आत सुकलेली लांबी पांढरी दिसत होती. ती पायरी चुलीत घातली असती तर कुणाला काही कळलं नसतं. त्याने ती उचलून काखेत मारली. मग आत गेला आणि पायरी दाजींच्या खाटेवर ठेवली.

"दाजी, भेग मला दिसली होती. मी ती झाकली."

"चालता हो!" दाजी ओरडले. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मेहुणा दाराशी पोचला, तेव्हा ते म्हणाले, "थांब. केलंस ते तुझं. मी माफ केलं म्हणून ते पुसलं जाणार नाही. पण रागाच्या भरात तुला हाकललं तर ते माझं होईल. हा मोडका पाय वागवतोय तेवढं ओझं पुरे आहे मला. आज सांगितलंस, तेही तुझंच. जा, आधी तो रंग खरवडून काढ."

दुसऱ्या दिवशी त्याने माझा सगळा रंग खरवडून काढला. रंगाखाली माझ्या उजव्या खांबालाही भेग निघाली. तिचा त्यालाही पत्ता नव्हता.

"दाजी, हिचा खांब गेलाय," त्याने खिडकीतून हाक मारली. "ही आता चढायच्या कामाची नाही. कचेरीचं काम अजून थांबेल. माझ्यामुळे थांबलंय, असं मीच साहेबांना जाऊन सांगतो." आणि हात पुसून तो निघालाही.

मित्रांनो, त्या शब्दांनी माझं कामाचं आयुष्य संपलं. वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. माझ्याबद्दल कुणीतरी खरं बोललं होतं. तुम्हालाही कुठे भेग दिसली, तर वरून रंग फासू नका. वेळीच सांगा. मागाहून सांगणं फार जड जातं, आणि भोगावं लागतं ते दुसऱ्याच कुणाला तरी.

मेहुण्याने कबूल केलं म्हणून दाजींचं हाड काही सरळ जुळलं नाही. ते अजून लंगडतात. बोळात आता नवी शिडी आली आहे. रोज सकाळी मेहुणा आधी स्वतः तिच्या प्रत्येक पायरीवर सगळा भार देऊन उभा राहतो, खाली उतरतो, आणि मगच दाजींना चढू देतो.