माझ्या बंड्या पोळ्याला थांबतात

मित्रांनो, मी आहे खरा, पण मला कपाटात ठेवता येत नाही आणि माझ्यावरची धूळही झटकता येत नाही. मी एक मॉड आहे. प्राचीन काळातल्या लढायांचा एक जुना संगणकी खेळ आहे. त्यात फौजा उभारायच्या, नगरे जिंकायची, राज्य वाढवायचे. अशा खेळावर कुणाचा फारच जीव जडला, की तो त्याच्या पोटात शिरून त्याला आपल्या मनासारखा बदलतो. त्या बदलाला मॉड म्हणतात. हे काम कुणी सांगितलेले नसते आणि शाबासकीचीही खात्री नसते. तरी लोक वर्षानुवर्षे ते करतात. माझा जन्म अशाच एका वेड्या माणसाच्या हातून झाला.

त्याचे नाव धम्मानंद. नागपूरला प्रताप नगरात दोन खोल्यांत राहतो आणि बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत यंत्रांची देखभाल करतो. पहिली पाळी करून दुपारी घरी आला, की चहाचा कप संगणकाशेजारी ठेवायचा आणि विसरून जायचा, हा त्याचा रोजचा नेम. मूळ खेळात परक्या देशातले सैनिक वहाणेच्या पट्ट्यांसकट रंगवलेले होते. आपल्या विदर्भाच्या जागी मात्र एक करडा डाग होता आणि त्यावर लिहिले होते, 'बंडखोर'. धम्मानंदला ते फार लागले. त्या डागावर त्याने चार वर्षे खपून राज्य वसवले, घोडेस्वार आणले, ढाली रंगवल्या. त्याचा पहिला हत्ती उलटा चालायचा. पण त्यालाही त्याने हिडीसफिडीस केले नाही, आठ दिवस बसून सरळ चालायला शिकवले.

त्याच खोलीत दिवाणावर त्याचे वडील बसत. देवाजी. कळमन्याच्या बाजारात तीस वर्षे धान्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकलेला माणूस. आता गुडघे गेले होते. बापलेकांचे बोलणे म्हणजे 'गोळी घेतली का' आणि 'हो घेतली', एवढेच. एके दुपारी देवाजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "काहून गा, तुही फौज सहा महिने झाले चालूनच राहिली. त्या बंडीचे बैल खाते काय?"

खेळातल्या बंड्या नुसत्या शोभेच्या होत्या. त्याने खुर्ची वडिलांकडे वळवली आणि विचारायला लागला. जोडीला दिवसाचा चारा किती? भरल्या बंडीने किती कोस जातात? चिखलात किती? देवाजी सांगत गेले आणि धम्मानंद लिहीत गेला. चहा दोघांचाही थंड झाला. त्या दिवसापासून माझ्या बंड्यांचे बैल चारा खाऊ लागले. जिथे चारा संपेल तिथे फौज थांबू लागली. असे दुसऱ्या कोणत्याच मॉडमध्ये नव्हते. त्या दोघांना समोरासमोर बसवण्याचे काम माझ्याकडून झाले, याचा मला आजही आनंद वाटतो.

शेवटी देवाजी म्हणाले, "अन् पोळ्याले बंडी जुपाची नाही."

धम्मानंद हसला. "बाबा, आपन पोळ्याची पूजा कुठी करतो?"

"पूजा आपन सोडली. बैलाले एक दिस सुट्टी द्याले पूजा कायले लागते?"

धम्मानंदने लगेच तसे लिहून टाकले, आणि इथेच घोटाळा झाला. माझ्या खेळात एक चाल म्हणजे एक दिवस नव्हे, तीन महिने! पोळा पावसाळ्यातला, म्हणून त्याने पावसाळ्याच्या चालीत बंड्या थांबवल्या. त्यामुळे बैलांना एका दिवसाऐवजी अख्खा पावसाळा सुट्टी मिळाली. मी इंटरनेटवरून जगभर पोचलो आणि पहिल्याच आठवड्यात बोंबाबोंब झाली. दूर गेलेल्या फौजा उपाशी मरू लागल्या. एकाने विचारले, 'दरवर्षी पावसाळ्यात विदर्भातले सगळे बैल संपावर का जातात?' दुसऱ्याने तर मला चक्क मोडका म्हटले.

तसे पाहिले तर दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ओळ वडिलांची होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही सांगितले आणि आपण ते लिहून घेतले. आता 'तुमचे खेळात बसत नाही' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? धम्मानंदला ओळ पुसवेना आणि लोकांचे हसणेही सोसवेना. एका रविवारी सकाळी त्याने ठरवले, मलाच काढून टाकायचे. त्याने इंटरनेटवरचे माझे पान उघडले आणि 'काढून टाका' या कळीवर बोट ठेवले. माझी चार वर्षे त्याच्या एका बोटाखाली होती. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो.

तेवढ्यात त्याची मुलगी वेदिका मागे येऊन उभी राहिली. बारावीतली पोर, इंग्रजी पक्के. पडद्यावरच्या तक्रारी तिने आजोबांना मोठ्याने, मराठी करून वाचून दाखवल्या. धम्मानंद "राहू दे वं" म्हणेपर्यंत अर्ध्या वाचून झाल्या होत्या.

देवाजी हसता हसता खोकायला लागले. "तीन महिने सुट्टी? अबे, बैल लठ्ठ होऊन जातीन!" मग त्यांचे हसू ओसरले. दिवाणाच्या काठावर हात ठेवून बसले. वेदिकाने पाणी दिले, ते त्यांनी नुसतेच हातात धरले.

"मी एकदा जुपले होते," ते म्हणाले. "पोळ्याच्याच दिवशी. आदल्या सांजेले बैलायचे खांदे शेकले, आवतन देलं, उद्या जेवाले या म्हनलं. सकाळी एका शेठचा ट्रक बिघडला. त्यानं माणूस धाडला, माह्याच्यानं नाही म्हनवलं नाही. शिंगाचा रंग वला होता. मी जू वर केलं, तं दोघायनं आपल्या आपन माना खाली घातल्या." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पाहुने म्हनून बलावलं होतं गा मी त्यायले."

धम्मानंदने बोट उचलले आणि माझे पान बंद केले. मी वाचलो तो असा.

पुढचे दोन महिने बापलेक माझ्यावर पुन्हा बसले. आता पावसाळ्याच्या चालीत बंड्या फक्त एक दिवस थांबतात. तेही सक्तीने नाही. पडद्यावर अक्षरे येतात, 'बैलांना आवतण दिले आहे. आज जुंपायचे का?' ज्याचे त्याने ठरवायचे. सुट्टी देणाऱ्याच्या फौजेचे बळ वाढवावे, असे धम्मानंदच्या मनात होते. देवाजींनी हात हलवला. "बक्षीस कायले? बक्षिसासाठी देल्ली ते काय सुट्टी झाली?" म्हणून माझ्यात सुट्टी देण्याचा काडीचाही फायदा नाही. झाला तर तोटाच होतो, कारण वाटचाल एका दिवसाने कमी पडते.

लोकांना हे पटेल असे मला वाटत नव्हते. पण लोक थांबू लागले. मोडका म्हणणाऱ्यानेच माझा पहिला हिवाळी नकाशा रंगवून पाठवला. कुणी चाऱ्याचा हिशेब सुधारला, कुणी बैलांच्या शिंगांना रंग दिले. या सगळ्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. ते रागावले नसते, तर मी सुधारलो नसतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या महिन्यात एका बर्फाळ देशातून एका बाईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, 'माझ्या नगराला वेढा पडला होता. धान्याच्या बंड्या एका दिवसाच्या वाटेवर होत्या. तेवढ्यात तुमचा तो प्रश्न आला. मी सुट्टी दिली. नगर गेले, सहा महिन्यांचा डाव हरले. हा प्रश्न कुणी लिहिला, ते मला कळवाल का?'

वेदिकाने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा देवाजींनीच सांगितले म्हणून.

"काय लिहू आजोबा?"

देवाजींनी डोळे पुसले. लपवले नाहीत. म्हणाले, "लिही, ज्याच्याच्यानं झालं नाही, त्यानं लिहिला. तुमच्याच्यानं झालं."

मित्रांनो, तुमच्या घरीदारी, शेतात, कारखान्यात कुणी ना कुणी मान खाली घालून राबत असते. त्याला सुट्टी हवी का, हे त्याने मागण्याआधी विचारा. उत्तर माझ्यात आधीच लिहून ठेवलेले नाही. वेदिकाने पत्र पाठवले, आणि त्या संध्याकाळी धम्मानंद पहिल्यांदा चहा गरम असतानाच वडिलांजवळ जाऊन बसला.